मेंढीच्या खुरातलं पाणी

पाण्याच्या थेंबाथेंबाला सातबारा चिकटवलात तो तुम्ही, साहेब. धमनपाड्याच्या लोकांनी तसा अर्ज केला नव्हता. तुमच्या गार खोलीत बसून तुम्ही ठरवलंत, की जमिनीखालचं पाणी कुणाचं ते एकदा कळलं म्हणजे भांडण मिटेल. भांडण मिटलं नाही. नणंद-भावजय एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या, मेंढपाळाला नोटीस गेली, कोवळी रोपं वाफ्यातच करपली. आणि पाणी कुठं न्यायचं ठरलंय ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. आता काय घडलं ते सगळं ऐका. मध्ये बोलू नका. मध्ये बोलायची तुम्हाला फार सवय आहे.

योगिता भामरे ही धमनपाड्याची पाटकरी. पांझरा नदीच्या काठी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन चार फडांत वाटलेली असते आणि गावातल्या प्रत्येकाचा एकेक तुकडा प्रत्येक फडात असतो. पाऊस भरपूर झाला की चारही फड भिजतात. कमी झाला की गाव बंधाऱ्यावर बसून ठरवतं, यंदा दोनच फड भिजवायचे, दोन कोरडे ठेवायचे. भिजणाऱ्या फडातही प्रत्येकाचा तुकडा, कोरड्या फडातही प्रत्येकाचा. त्यामुळं तूट आली तर ती सगळ्यांना सारखी येते. हे पाणी पाळीपाळीनं सोडणारा माणूस तो पाटकरी. फावडं त्याच्या हातात आणि शिव्या त्याच्या वाट्याला.

योगितानं फावडं हातात घेतलं तेव्हा हिलाल बोरसे पारावर बसून म्हणाला होता, "आता पाट चुलीपासून वाहील." पहिल्याच हंगामात त्याची पाळी संपल्याबरोबर तिनं त्याच्या शेताचं दार मातीनं बुजवलं. तो ओरडत आला तर म्हणाली, "बोरसे बापू, चुलीवर भात झाला की मी आच बंद करते. करपेपर्यंत नाही ठेवत." तेव्हापासून तो तिला 'पाटकरीण बाई' म्हणायला लागला. त्यात आदर किती आणि कुचेष्टा किती, ते तिला कधी नीट कळलं नाही.

पण खरं सांगायचं तर गावानंही काही फार पुण्य केलेलं नव्हतं. पाटाच्या पाण्याला नियम होता, जमिनीखालच्या पाण्याला नव्हता. फडावर सगळे सारखे, आणि बोअरवर ज्याच्याकडे पैसा त्याचा पाइप खोल. हिलालनं डाळिंबासाठी जमिनीची चाळणी करून टाकली. आजूबाजूच्या विहिरी आटल्या. कुणाचा बोअर कुणाची विहीर पितो, यावरून दरवर्षी डोकी फुटायची आणि सिद्ध काहीच करता यायचं नाही. जमिनीखाली कोण बघतंय?

म्हणून भूजल वाटप प्राधिकरणाची योजना आली, तेव्हा ग्रामसभेत पहिला हात वर गेला तो योगिताचा. हे विसरू नका. तिला कुणी फसवलं नव्हतं. तिला ते पटलं होतं.

योजनेतलं शास्त्र तसं साधं होतं. वाळू ज्या द्रव्याची बनते त्याच द्रव्याचे, पिठाहून कितीतरी बारीक गोळे. प्रत्येक गोळ्याच्या पोटात डीएनएचा एक तोकडा धागा. हा धागा कुठल्या जिवाचा नाही, प्रयोगशाळेत जुळवलेला. डीएनएत चार अक्षरं असतात, ती कुठल्या क्रमानं लावायची ते आपल्या हातात. प्रत्येक गट नंबराला वेगळा क्रम दिला, म्हणजे प्रत्येक शेताला स्वतःची अशी एक न खोडता येणारी ओळख झाली. हे गोळे शेतावर फवारायचे. काचेच्या कवचामुळं आतला धागा उन्हानं खराब होत नाही, जंतू त्याला खात नाहीत. पाऊस पडला की मुरणारं पाणी गोळ्यांना बरोबर घेऊन खाली उतरतं. विहिरीत एक डबी बसवलेली असते. ती पाण्याची चव घेते, कवच विरघळवते, धागा वाचते आणि सांगते: या विहिरीतल्या शंभर थेंबांपैकी इतके अमक्याच्या शेतात मुरले, इतके तमक्याच्या. ज्यानं जितकं मुरवलं, त्यानं तितकं उपसावं. वाट्याबाहेर कुणी गेलं, तर मोटारीला आपोआप कुलूप.

गोळ्यांना प्राधिकरणानं 'नामकण' असं भारदस्त नाव दिलं होतं. ड्रोननं ती राखाडी भुकटी शेतांवर पडली त्या दिवशीच गावानं तिचं नाव 'सरकारी अंगारा' पाडलं.

अंगारा पडला त्याच आठवड्यात मेंढपाळ बिरू ठेलारीचा कळप गावात आला. उन्हाळ्यात मोकळ्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंड्यांचं खत जमिनीला मिळू द्यायचं आणि ठेलाऱ्याला बाजरी घालायची, ही इकडची दरवर्षीची रीत. मेंढ्या आधी योगिताच्या शेतात बसल्या, तिथून वर चढून तिच्या नणंदेच्या, सिंधूच्या शेतात. हा क्रमही दरवर्षीचाच. मग पाऊस पडला, थोडा पडला, आणि थांबला तो थांबलाच.

दिवाळी झाली आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर विहिरींचा पहिला हिशेब उजळला. सगळं गाव मान वर करून उभं होतं. सिंधूच्या विहिरीपुढं आलं: यातलं जवळपास तीन चतुर्थांश पाणी योगिता हेमराज भामरे यांच्या शेतात मुरलेलं.

संध्याकाळी सिंधूच्या मोटारीला कुलूप लागलं. योगिताच्या वाट्यात तेवढी भर पडली.

सिंधू ही योगिताच्या नवऱ्याची थोरली बहीण. गावातच दिलेली. नवरा मालट्रकवर, महिन्यात चार दिवस घरी. तिची रोपवाटिका होती. गावच्या निम्म्या कांद्याचं रोप तिच्या वाफ्यातून जायचं. हात लावला तर मोडेल अशा कोवळ्या रोपांना ती 'पोरी' म्हणायची. "पोरींना पाणी पाजून येते," म्हणाली की नव्या माणसाचा गोंधळ उडायचा. पोरींना रोज पाणी लागतं. एक दिवस चुकला तर मान टाकतात, दोन दिवस चुकला तर उचलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती योगिताच्या अंगणात उभी राहिली. चप्पलही काढली नाही.

"काय गं, माझ्या विहिरीत तुझं पाणी कधी शिरलं?"

"अक्का, मला काय माहीत? आत तरी या."

"आत येऊन काय करू? चहा देशील, त्यातही पाणी तुझंच असेल."

हेमराज गोठ्यातून हात पुसत आला. बहिणीपुढं तो नेहमीच धाकटा व्हायचा. "अक्का, यंत्र आहे ते. यंत्राला ना तू बहीण, ना ती बायको. ते कशाला खोटं बोलेल?"

"म्हणजे मी खोटी?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? नीट सांग. वडिलांनी मला ही विहीर दिली तेव्हा तू कडेवर होतास. तेव्हापासून मी हिचं पाणी पिते. आता कळलं, की मी चोर आहे."

योगितानं मधला मार्ग काढला. नियमात सोय होती: आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याला 'स्वेच्छेनं' देता येत होतं. मात्र एकदा दिलं की पुढल्या वर्षी तेवढा वाटा कापला जायचा, कारण द्यायला होतं म्हणजे जास्तीचं होतं, असं यंत्राचं गणित. तिनं रात्रभर विचार केला होता आणि तरीही ती म्हणाली, "अक्का, मी देते सोडून. तुमच्या रोपांपुरतं."

सिंधूनं तिच्याकडे असं बघितलं, की योगिताला आपण काहीतरी घाणेरडं बोललो असं वाटलं.

"माझ्याच विहिरीतलं पाणी तू मला दान देणार? आणि मी ओंजळ पुढं करू?" एवढं बोलून ती गेली.

योगिता चुलीपुढं बसून राहिली. मोटार चालू होती, तिच्या गव्हाच्या सऱ्यांत पाणी खळखळत होतं. ते पाणी आपलं आहे, असं भिंतीवर लिहून आलं होतं. मग ते ऐकताना चोरी केल्यासारखं का वाटतंय? आणि आपण चोरी केली नसेल, तर मग अक्कानं केली होती का? इतकी वर्षं? कळत-नकळत? तिला काहीच समजेना. फडावर तिला सगळं समजायचं. दार उघडलं, पाणी गेलं, पाळी संपली, दार बंद. इथं तर दारच दिसत नव्हतं.

आठवड्याभरात सिंधूच्या निम्म्या पोरी गेल्या. ती त्यांच्यावर पदर धरून सावली करत होती, असं लोक सांगायचे.

योगितानं तक्रार लावली. स्वतःला वाटा वाढवून मिळालेला असताना तक्रार करणारी ती जिल्ह्यातली पहिली बाई असावी, कारण प्राधिकरणाच्या क्षेत्र अधिकारी मृण्मयी कारखानीस स्वतः आल्या. वयानं लहान, उन्हानं लालबुंद, पण विहिरीच्या काठावर पालथ्या पडून आत बघायला न लाजणाऱ्या. सिंधू लांब बांधावर पाठ करून बसली होती.

मृण्मयीनं दोन्ही शेतांची उंची मोजली आणि कपाळावर आठ्या आल्या. "तुमचं शेत खाली आहे. यांची विहीर वर."

"हो. म्हणूनच म्हटलं, मॅडम. पाणी वर कसं चढलं?"

"हे मी कार्यालयातच बघितलं होतं. यंत्रानं त्याचं कारण दिलंय." तिनं हातातल्या पडद्यावर जमिनीच्या पोटाचं चित्र दाखवलं. "या भागात जमिनीखाली उभ्या दगडी भिंती आहेत. लाव्हारस भेगांमध्ये शिरून थिजला, त्याच्या. पाण्याला अशी भिंत आडवी आली की ते तिच्या मागं तुंबतं, चढतं, भलतीकडेच वळतं. वर जमीन उतरती दिसते, पण खाली उतार उलटा असू शकतो. इथं तशी भिंत आहे, ही गोष्ट खरी."

"म्हणजे यंत्र बरोबर?"

"असू शकतं."

"असू शकतं म्हणजे?"

मृण्मयी काही बोलायच्या आत बांधाच्या पलीकडून धुळीचा लोट उठला. बिरू ठेलारी कळप घेऊन निघाला होता. दिवाळी झाली की तो चाऱ्याच्या मागं सगळा मुलूख पायाखाली घालायचा. "ए ताई," त्यानं लांबूनच हाळी दिली, "यंदा बाजरी कमी घातलीस हां! उन्हाळ्यात तुझ्याकडंच पहिल्यांदा बसवल्या होत्या!"

योगितानं बाजरीचं ऐकलंच नाही. ती मेंढ्यांच्या पायांकडे बघत होती. खुरांच्या फटीत वाळलेली माती गच्च बसलेली. पोटाखालच्या लोकरीत माती. माझ्या शेतात बसल्या. मग उठून अक्काच्या शेतात गेल्या. अंगारा पडला त्याच आठवड्यात.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमचा अंगारा मेंढीच्या पायाला लागतो का?"

मृण्मयीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मेंढ्यांकडे, आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आपल्या कार्यालयात कुणाच्याच हे ध्यानात कसं आलं नाही, ते ती पुटपुटली. बिरूनं एक मेंढी उलटी धरली. मृण्मयीनं खुरातली माती खरवडून नळीत घातली, नळी हातातल्या यंत्राला लावली आणि थोड्या वेळानं पडदा सगळ्यांसमोर धरला. नावांची रांग संपेना.

"अरे देवा," ती हसली, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "या एका मेंढीच्या खुरात निम्म्या तालुक्याचे सातबारे आहेत."

"मग काय तर!" बिरू छाती काढून म्हणाला. "तलाठ्यापेक्षा माझी मेंढी जास्त फिरते."

बांधावरून सिंधू ताडकन उठली. "म्हणजे पाणी माझंच! हिच्या शेताची माती आली, पाणी नाही आलं!"

"तसंही म्हणता येणार नाही," मृण्मयी हळू आवाजात म्हणाली. "काही नामकण मेंढ्यांनी आणले असतील, काही खरोखर भिंतीमुळं पाण्याबरोबर आले असतील. किती मेंढीचे आणि किती पाण्याचे, ते आता वेगळं करता येत नाही. मला नाही, आणि यंत्रालाही नाही."

"मग माझ्या मोटारीचं कुलूप?"

"मी वर कळवते."

साहेब, तिनं कळवलं होतं. तुमच्याकडून उत्तरही आलं. तुम्ही डबी दुरुस्त केली नाहीत, कुलूप काढलं नाहीत. तुम्ही मेंढ्यांवर बंदी घातलीत. पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नामकण फवारलेल्या क्षेत्रात मेंढी दिसली तर दंड. यंत्र चुकलं म्हणून शिक्षा मेंढीला. बिरूच्या आधी त्याच्या कितीतरी पिढ्या या वाटेनं गेल्या आणि त्यांच्या लेंड्यांवर ही जमीन पिकली, हे तुमच्या कुठल्या पडद्यावर आलं नसेल.

आणि बंदी लागू व्हायच्या आत गावानं काय केलं, तेही ऐका, कारण त्यात गावाची लाज आहे.

गोष्ट बाहेर फुटली. मेंढी जिथून उठते तिथलं नाव घेऊन जाते आणि जिथं बसते तिथल्या विहिरीत ते सोडते. मग काय? ज्याला शेजाऱ्याचं पाणी हवं, त्यानं मेंढ्या आधी आपल्या शेतात लोळवायच्या आणि मग काहीतरी निमित्त काढून शेजाऱ्याच्या शेतात घालायच्या. हिलाल बोरसेनं तर भुकटीच विकत घेता येईल का, याची चौकशी केली म्हणतात. निघालेला बिरू गावाबाहेरच थांबला आणि त्याच्या पालापुढं कधी नव्हे ती गाडी उभी राहिली.

"ताई, मला कळंना झालंय," बिरू योगिताला पाटावर भेटला तेव्हा डोकं खाजवत म्हणाला. "इतकी वर्षं लोक बसवून घ्यायचे ते लेंडीसाठी. आता लेंडीला कुणी विचारत नाही. बोरसे म्हणतो, माझ्याकडं बसव आणि सिंधूताईच्या विहिरीभोवती फिरव. पोतं भरून बाजरी देतो म्हणतो."

"मग?"

"मग काय? पोतं जड असतं. मी अजून उचललं नाही."

योगिता फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. ज्याच्याकडे मेंढ्या त्याचं पाणी, असं आता होणार होतं. बोअरनं जे केलं तेच. अंगारा आणला होता बोअरवर उपाय म्हणून, आणि फिरून सगळे तिथंच आले होते. तिच्या समोर चार फड पसरलेले होते. दोन हिरवे, दोन कोरडे. एकेका फडात कितीतरी घरांचे तुकडे.

"बिरूदादा," ती म्हणाली, "सगळ्या गावात फिरवशील? एकही तुकडा न सोडता? कुणाचं नाव कुणाच्या विहिरीत नाही, असं राहता कामा नये."

"म्हणजे सगळं कालवून टाकायचं?"

"फड असाच तर असतो."

बंधाऱ्यावर बैठक बसली. हिलाल सगळ्यात आधी उठला. "पाटकरीण बाई, माझ्या शेतात जास्त मुरतं, मी शेततळं खोदलंय. माझा हक्क का जाईल?"

"शेततळं खोदलं ते खरं. बोअरही खोदले. दोन्ही धरायचं का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

हेमराज हसला नाही. घरी जाताना त्यानं योगिताला गाठलं. "आपला वाटा वाढलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोन पाणी जास्त मिळताहेत. आणि तू ते हातानं पुसून टाकायला निघालीस? ते खरंच आपलं असलं तर?"

"असेलही."

"मग?"

"मला माहीत नाही, हो. तेच तर. ते आपलं आहे की नाही, ते मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत होणार नाही. माहीत नसलेलं पाणी मला गिळवत नाही."

तिला वाटलं होतं, निदान अक्का तरी बरोबर येईल. ती सिंधूच्या वाफ्यांवर गेली. सिंधू मेलेली रोपं उपटून बी नव्यानं टाकत होती.

"अक्का, सगळ्यांची नावं सगळीकडे गेली, की तुमच्या विहिरीचं कुलूप निघेल."

"आणि मग माझी विहीर कुणाची?"

"सगळ्यांची. फडासारखी."

"वा गं वा." सिंधू उभी राहिली, हातात मातीचं ढेकूळ तसंच. "आधी माझं पाणी तुझं झालं. आता म्हणतेस गावाचं करते. माझं ते माझं, असं म्हणायला तुझ्या तोंडाला काय होतं? मला न्याय नको गं तुझा. मला माझी विहीर दे."

अक्का चुकीचं बोलत होती असं योगिताला वाटेना. आणि आपण चुकतोय असंही वाटेना. दोन्ही बरोबर कसं असेल? ती तशीच परत आली. तिनं परवानगी मागितली नाही आणि सिंधूनं नाही म्हटलं नाही.

बंदीच्या आदल्या आठवड्यात धमनपाड्यात अशी वरात निघाली, की म्हाताऱ्या माणसांनीही कधी बघितली नव्हती. पुढं बिरू, मागं त्याच्या भावकीतले कळप, आणि मेंढ्यांचा लोंढा या शेतातून त्या शेतात, त्या शेतातून या शेतात. हिलालच्या डाळिंबातून, सरपंचाच्या मळ्यातून, शाळेच्या मैदानातून, मारुतीच्या देवळामागून. हिलाल काठी घेऊन आडवा उभा राहिला तर मेंढ्या त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेल्या. सिंधूच्या शेतात कळप शिरला तेव्हा ती वाफ्यांच्या कडेला काट्या लावून उभी होती. "पोरींवर पाय पडला तर बघ!" एवढंच ओरडली. मग योगितानं बंधाऱ्याचं दार उघडलं आणि चारही फडांना एकेक भरणं दिलं. पाणी मुरलं. ते आपल्याबरोबर काय काय घेऊन खाली गेलं, देव जाणे.

काही आठवड्यांनी पडदा बदलला. गावातल्या प्रत्येक विहिरीपुढं एकच शब्द उमटला: अनिर्णित.

वाटाच ठरेना, तर वाट्याबाहेर कोण गेलं ते यंत्राला कळायचं कसं? सगळी कुलुपं सुटली.

गावाला काय करावं तेच कळेना. हसावं की घाबरावं? पहिले दोन दिवस तर कुणी मोटार सुरूच केली नाही. मग बैठक बसली आणि पहिल्यांदाच विहिरींनाही पाळ्या लागल्या, पाटासारख्या. हिलालचे बोअर सगळ्यांच्या पाळीत आले. तो धुसफुसत होता, पण दार बुजवणारी बाई योगिताच होती. सिंधूचं नवं बी उगवलं. ती योगिताशी बोलत नव्हती, पण एका सकाळी योगिताच्या ओट्यावर रोपांची जुडी ठेवलेली दिसली. कुणी ठेवली ते हेमराजनं विचारलं नाही.

हे थोडे दिवस टिकलं.

मग मृण्मयी कारखानीस पुन्हा आल्या. या वेळी बरोबर पोलिसांची गाडी होती आणि मागं मोठ्या पाइपांनी भरलेले ट्रक. मृण्मयीचा चेहरा जागरणानं ओढलेला होता. योगिता पाटात उभी राहून दार उघडत होती, पाळी सिंधूच्या तुकड्याची होती.

"योगिताताई, थांबा. दार उघडू नका." मृण्मयीनं फोनवरचा आदेश वाचला, आवाज कोरडा ठेवून. ज्या पाण्याचा धनी ठरत नाही, ते पाणी बेवारस समजून प्राधिकरणाच्या ताब्यात जातं. गावच्या सगळ्या विहिरी अनिर्णित, म्हणून सगळ्या प्राधिकरणाच्या. त्या विहिरी बंधाऱ्याच्या पाण्यावर भरतात, म्हणून बंधाराही. पाटाचं दार कायमचं बंद करायचं आणि पाणी पाइपानं औद्योगिक वसाहतीकडे न्यायचं. "दार पाटकऱ्यानंच बंद करायचं आहे. तसं लिहिलंय."

पाणी योगिताच्या घोट्यांवरून जात होतं. तिच्या डोक्यात सगळं एकदम फिरायला लागलं. आपणच हात वर केला होता. आपणच मेंढ्या फिरवल्या. विहिरींतली नावं तशीच राहू दिली असती तर अक्का मेली असती, नावं कालवली तर गाव मेलं. नेमकं कुठं चुकलं? कुठलं दार उघडायला हवं होतं?

बांधावरून कुणीतरी उतरलं. सिंधू. तिनं लुगडं खोचलं, पाटात पाय घातला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"अक्का..."

"तुझ्यासाठी नाही आले मी," सिंधू तिच्याकडे न बघता म्हणाली. "पाळी माझी आहे."

योगितानं फावडं पाटाच्या तळाशी रोवलं.

"मॅडम, तुमच्या डबीनं विहिरींचं पाणी वाचलं?"

"हो."

"त्यात कुणाची नावं निघाली?"

"सगळ्यांची."

"एखादं घर सुटलं?"

मृण्मयीनं मान हलवली. "एकही नाही. तुमच्या गावातलं एकही नाही."

"आणि त्या वसाहतीचं?"

पाइपांच्या ट्रकचं इंजिन मागं घुरघुरत होतं.

"अक्काच्या विहिरीतलं पाणी माझं होतं की तिचं, ते मला अजून कळलेलं नाही," योगिता म्हणाली. "मरेपर्यंत कळणार नाही. ते जाऊ द्या. पण सगळ्या गावाची नावं ज्या पाण्यात निघाली, ते पाणी बेवारस कसं? एवढं सांगा, मॅडम. सांगा, मी स्वतःच्या हातानं दार बंद करते."

मृण्मयीनं पोलिसांना हातानं थांबवलं. "मी वर विचारते," ती म्हणाली.

तिनं विचारलंय, साहेब. तिचा प्रश्न तुमच्यापर्यंत आलेला आहे. ट्रक बंधाऱ्यावर उभे आहेत, दोन बाया पाटात उभ्या आहेत, पोरी पाण्याची वाट बघताहेत. वरच्या खोलीतून खाली या, पाटात पाय घाला आणि या दोघींच्या तोंडावर सांगा: जे सगळ्यांचं निघालं, ते तुमचं कसं झालं?

बोला.